सातवा डाव

सिंदी मेघे, वर्धा
६ ऑक्टोबर २०२५

चि. वेदश्रीस,
आशीर्वाद.

इंदूरच्या बेसबॉल शिबिरात पोचल्याचा तुझा फोन झाला. सगळ्या बोलण्यात तू 'हो मॅडम' याखेरीज काही बोलली नाहीस. म्हणून यापुढं फोन नको, पत्र लिही. लिहायला बसलं की विचार करावा लागतो, आणि तुझ्यासारख्या कॅचरला त्याची सवय असलेली बरी. आजकाल पत्रं कोण लिहितं म्हणून माझी सून सपना हसते आहे. मी तिला म्हटलं, टपाल कचेरी अजून उघडी आहे म्हणजे कोणीतरी लिहीत असणारच.

काल रविवारी तुझे नानाजी हिंगणीचं दुकान बंद ठेवून एसटीनं आले. पिशवीभर सीताफळं आणली, त्यातली अर्धी वाटेतच फुटली. चहा संपवला. मग म्हणाले, "मॅडम, पोट्टी भारताकडून खेळून राह्यली हे साऱ्या गावाले सांगून झालं. आता लोक विचारते, भारत जितते का हरते? मी काय सांगू?"

मी खोटं सांगत नाही. म्हटलं, "बरोबरीच्या संघांशी कधी जिंकतो, कधी हरतो. जपान, तैवानसारख्यांशी हरतोच. तिथल्या मुली लहानपणापासून बेसबॉल खेळतात. आपल्या मुली सॉफ्टबॉल खेळत वाढतात आणि निवड झाली की महिना-दीड महिन्यात त्या लहान, कडक चेंडूची सवय करून विमानात बसतात."

"हरले तं हरले. खेळात कोणी ना कोणी हरतेच."

"तेवढंच असतं तर मला वाईट वाटलं नसतं, नानाजी. सामना सात डावांचा असतो. पण पाच डाव झाल्यावर दहा धावांचा फरक असला की पंच खेळ तिथंच संपवतात. मोठ्या संघापुढं आपला सामना सातव्या डावापर्यंत गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही."

 नानाजी म्हणाले, "म्हंजे पंगतीतून उठवून देते? जिलबी यायच्या आधीच?"

मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

सेलूच्या कापड दुकानातली रोशनी तुला ठाऊक आहे. माझ्या मैदानावरून भारताच्या संघात गेलेली ती पहिली. तिच्या वेळी पाऊस आला आणि सामना अर्धवट राहिला, असं सेलूत अजून सगळे समजतात. पाऊस आला नव्हता. पाचवा डाव संपला आणि पंचांनी हात मिळवायला रांगेत उभं केलं. पुढच्या डावात पहिली पाळी हिची, ती बॅट घेऊन तयार होती. घरी आल्यावर काय सांगावं कळेना, म्हणून पाऊस सांगितला. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. तुला सांगते आहे कारण तुझ्या कामाचं आहे. कुठं बोलू नकोस.

तरी त्या संघाचा मला अभिमान आहे. काही जणींकडे ग्लोव्हदेखील सॉफ्टबॉलचे होते. आपण कितीनं हरणार हे जातानाच माहीत होतं, तरी गेल्या. त्या गेल्या म्हणून पुढच्या संघाला बोलावणं आलं, त्याच्या पुढच्यालाही आलं, आणि आता तुम्हाला आलं आहे.

मला तुझ्याकडून एकच पाहिजे. तायचुंगच्या स्पर्धेत यजमान तैवानशी सामना आहे. त्यात सातवा डाव खेळून या. जिंकण्याचं नंतर बघू.

नखं कापत जा. खुणा करताना चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटं दिसली पाहिजेत, नेलपॉलिश नाही.

प्रमिला मॅडम


सराव शिबिर, इंदूर
१३ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. न.

पत्र मिळालं. नखं कापली.

इथं सगळं छान आहे. मैदान मोठं आहे, गवत सारखं कापलेलं असतं. खोलीत आम्ही चौघी. कॅप्टन गुंजनदीदी माझ्याच खोलीत आहे, मथुरेकडची. सकाळी लोटाभर दूध पिते आणि मला 'वर्धा' म्हणून हाक मारते. नावानं कोणी बोलावतच नाही. पंजाबची ती 'फगवाडा', ओडिशाची लिपिका तेवढी लिपिकाच, कारण तिच्या गावाचं नाव कोणाला म्हणता येत नाही.

नाश्त्याला पोहे असतात. पण मॅडम, पोह्यावर तर्री नाही! वर शेव आणि आत साखर. पहिल्या दिवशी मी वाढणाऱ्या काकांना विचारलं, "रस्सा किधर है?" ते म्हणाले, "बेटा, पोहे में कौन रस्सा डालता है?" मी म्हटलं, नागपूरपासून वर्ध्यापर्यंत सगळे. दुपारी डाळ, दोन भाज्या, दही. डाळ गोडसर असते. मंगळवारी बाफले होते, ते फार छान. कणकेचे भाजलेले गोळे, तुपात बुडवून देतात. ते खाऊन सराव केला तर पाय उचलत नाहीत. रात्री खिचडी किंवा पोळी-भाजी. गुरुवारी खीर. केळी हवी तितकी मिळतात. मी सोबत आणलेली जवसाची चटणी चार दिवसांत संपली, फगवाडावाली चमच्यानं खात होती.

कोच सर शिस्तीचे आहेत, पण चांगले आहेत. सराव चांगला चालला आहे. काळजी करू नका. नानाजींना सांगा, मी जेवते.

आपली,
वेदश्री


सिंदी मेघे
१८ ऑक्टोबर २०२५

चि. वेदश्रीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात पोह्यांपासून केळ्यांपर्यंत सगळं आलं. पिचर कोण, तिचा चेंडू कसा येतो, दुसऱ्या बेसवर तुझी फेक वेळेवर पोचते का, यावर एक ओळ नाही. 'सराव चांगला चालला आहे' हे वाक्य मैदानाबाहेर बसलेली मुलगी लिहिते. खेळणारी मुलगी तक्रार करते.

काय झालं ते लिही. सजवू नकोस.

दिवाळी आहे. घरची आठवण आली तर तसंही लिही, त्यात लाज नाही. चिवडा पाठवत नाही. जवसाची चटणी पाठवते आहे, तीही सगळ्यांना पुरेल इतका.

प्रमिला मॅडम


इंदूर
२४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. न.

तुम्ही ओळखलं. मी नऊजणींत नाही. आता लिपिका कॅचर आहे. मी राखीव.

पहिल्याच आठवड्यात सराव सामना होता. माझी पाळी झाली होती म्हणून सरांनी मला तिसऱ्या बेसजवळ उभं केलं, धावणाऱ्यांना हाका द्यायला. तिसऱ्या बेसवर गुंजनदीदी. फटका उंच डावीकडे गेला. झेल होणार हे दिसत होतं. म्हणजे झेल होईस्तोवर तिनं बेसवर पाय ठेवायचा आणि चेंडू हातात पडला की घराकडे, होमकडे सुटायचं. मी आपल्या मैदानावर ओरडतो तशी ओरडले, "येजो!"

ती पळालीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "ये जो... क्या?"

मॅडम, हिंदीत 'ये जो' म्हणजे वाक्याची सुरुवात होते. ती पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती! तोवर झेल झाला, चेंडू निघाला, ही उशिरा सुटून अर्ध्या वाटेत बाद. सगळं मैदान हसलं. मी सरांना समजावलं, "सर, आमच्याकडे 'पळ' म्हणजे लगेच पळ. 'येजो' म्हणजे आत्ता नाही, झेल झाला की मग." सर म्हणाले, "उसको जाना है, और तू उसको बुला रही है?" मी म्हटलं, "सर, आमच्याकडे घरून निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. 'येजो' म्हणतात. 'जा' म्हणणं बरं नाही."  सर म्हणाले, "कॅचरच्या आवाजावर सगळं मैदान चालतं. तुझा आवाज यांना कळेपर्यंत लिपिका खेळेल."

आता मी तोंड उघडलं की कोणीतरी म्हणतं, "ये जो..." आणि बाकीच्या पुरं करतात, "पराठा है!" "पंखा है!" "वर्धा है!" गमतीनंच म्हणतात, मलाही माहीत आहे. पण मला बोलावंसं वाटेनासं झालं आहे.

मॅडम, राखीव म्हणून तैवानला जाऊन काय करू? पाण्याच्या बाटल्या उचलायला भारताची जर्सी कशाला घालायची? माझ्या जागी दुसरीला नेतील. मी परत येऊ का? नानाजींना तुम्ही समजावा. त्यांनी सगळ्यांना सांगितलं आहे, तेवढंच मला नको वाटतं.

वेदश्री


सिंदी मेघे
२९ ऑक्टोबर २०२५

चि. वेदश्रीस,

परत यायचं नाही.

नानाजींना मी काही समजावणार नाही. समजावण्यासारखं काही झालेलं नाही. संघात वीसजणी असतात आणि खेळतात नऊ. उरलेल्या अकराजणी भारताच्या नाहीत असं तुला वाटत असेल तर बस आणि विचार कर. पाण्याची बाटली वेळेवर दिली नाही तर पिचर सहाव्या डावात गळते, आणि मी तुझ्याकडे सातवा मागितला आहे.

आता शब्दाचं. तो माझ्या मैदानावरचा आहे. मी शिकवला नाही. तुमच्या आधीच्या मुलींनी घरून आणला आणि मी चालू दिला, कारण आपल्यात सगळ्यांना कळत होता. तिथं कळत नाही. मैदानावर भाषेचा अभिमान मिरवायचा नसतो. हाक पोचली तरच हाक. 'रुक के भाग' म्हण. हिंदी आहे, सरळ आहे.

रोज सरांकडे तिसऱ्या बेसजवळची जागा माग. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा माग. रुसून बाकावर बसू नकोस. आवाज बंद झालेला कॅचर मला माझ्या मैदानावरही नको.

प्रमिला मॅडम

ता. क. 'ये जो पंखा है' ऐकून सपना जेवताना हसली. मी हसले नाही. नंतर हसले.


इंदूर
५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. न.

परत येत नाही. जागा मागितली. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा दिली.

'रुक के भाग' करून बघितलं. पण मॅडम, रागावू नका, ते चालत नाही. ओरडाआरड्यात पहिला शब्द हरवतो आणि नुसतं 'भाग' ऐकू येतं. फगवाडावाली झेल व्हायच्या आधीच पळाली. परत फिरेपर्यंत बाद. दुसऱ्या दिवशी दुसरी. सर म्हणाले, "वर्धा, तुझा तो जुना शब्द बरा होता, त्यानं निदान मुली उभ्या तरी राहायच्या."

मग परवा असं झालं. गुंजनदीदी खोलीत घरी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता. तिची दादी तिला विचारत होती विमान कधी, किती दिवस, थंडी आहे का. शेवटी फोन ठेवताना म्हणाली, "अच्छा लाली, जीत के आइयो."

मी पलंगावर उठून बसले. म्हटलं, "दीदी, दादीनं काय म्हटलं?"

"आइयो."

"म्हणजे आत्ता ये?"

"अरे आत्ता कसं? मी तर जाऊन राह्यली..." (मी तिचं हिंदी आपल्या बोलीत लिहिते आहे.) "जाऊन मग ये. आमच्याकडे निघणाऱ्याला असंच म्हणतात." आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं. मग उशी फेकून मारली मला. "पगली! तेरा येजो मेरी दादी का आइयो है! पहले क्यों नहीं बताया?"

मी सांगितलं होतं की. सगळ्यांसमोर सांगितलं होतं!

मग तिनं जेवणाच्या वेळी सगळ्यांना उभं राहून समजावलं, कॅप्टनसारखं. प्रत्येकीला विचारलं, तुमच्या दारात काय म्हणतात? फगवाडावालीची आजी 'आईं' म्हणते. लिपिका म्हणाली, त्यांच्याकडेही 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. कोणता शब्द ठेवायचा यावर भांडण झालं. 'आइयो' लांबून 'आई गं'सारखं ऐकू येतं, कोणाला लागलं की काय वाटतं. शेवटी 'येजो' राहिला. 'जो' वर जोर देता येतो.

मॅडम, तुम्ही शब्द मागे घेतला होता. तरी आम्ही ठेवला. चालेल ना?

नऊजणींत अजून लिपिकाच आहे. ती चांगली खेळते, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या बेसजवळची जागा आता माझी.

वेदश्री


सिंदी मेघे
९ नोव्हेंबर २०२५

चि. वेदश्रीस,
आशीर्वाद.

चालेल. मी चुकले. मला वाटलं शब्द फक्त आपला आहे.

हे पत्र तू निघायच्या आधी पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तैवानहून पत्र यायला वेळ लागेल, तेव्हा कागदावर लिही आणि फोटो काढून सपनाच्या फोनवर पाठव. फोनवर टाइप केलेलं मी वाचणार नाही.

विजयी व्हा असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. तुला माहीत आहे मला काय पाहिजे.

प्रमिला मॅडम


तायचुंग
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. न.

निकाल सपनावहिनींनी सांगितलाच असेल. अकरा–एक. हरलो. पण मॅडम, थांबा, सगळं वाचा.

परवा आम्ही एक सामना जिंकलो, तेव्हा हॉटेलात सगळ्या नाचल्या. आज तैवानशी सामना होता. यजमानांचे लोक ढोल आणि तुताऱ्या घेऊन आले होते. पहिल्याच डावात चार धावा. त्यांच्या मुली बॅट फिरवतात तेव्हा आवाजच वेगळा येतो. पाचव्या डावात त्यांची पाळी संपली तेव्हा दहा–शून्य. आता आमची पाळी. एक धाव झाली नाही तर तिथंच संपणार होतं. मॅडम, पुढच्या सामन्याचे संघ येऊन दाराशी उभे होते. दुभाषी बाईनं आमच्या मॅनेजरांना सांगितलं, सामान आवरून ठेवा. खरंच सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं असेल.

गुंजनदीदीनं पहिलाच फटका मारला, त्यांच्याकडून चेंडू निसटला आणि ती दुसऱ्या बेसवर. पुढची बाद झाली, पण तेवढ्यात दीदी तिसऱ्यावर आली. माझ्या शेजारी. गुडघ्यापर्यंत माती. मला म्हणाली, "वर्धा, ज़ोर से बोलना."

लिपिका बॅटिंगला. दोन चेंडू सोडले. तिसरा उडवला, उंच, डावीकडे. ढोल इतके वाजत होते की मला माझाच आवाज येईल की नाही कळेना. दीदीनं एक पाऊल टाकलं होतं. मी ओरडले, "येजोऽऽ!" आणि मॅडम, मागून सगळा बाक ओरडला. पंजाब, ओडिशा, केरळ, सगळ्या, "येजो!" ज्यांनी पंखा-पराठा केलं होतं त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

दीदीनं पाय मागे घेतला. बेसवर ठेवला. त्यांच्या मुलीनं झेल घेतला, आणि हिनं सोडली ती थेट घराकडे. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. ती घसरली. धूळ. त्यांच्या कॅचरचा ग्लोव्ह तिच्या पाठीला लागला, पण हात आधीच होमवर होता. पंचानं दोन्ही हात पसरले.

दहा–एक.

आम्ही सगळ्या मैदानात धावलो. पंचानं हातानं खूण केली, बसा, डाव संपलेला नाही! दुभाषी बाई हसत होती. दाराशी उभे असलेले संघ परत गेले, सराव करायला.

पण सहावा डाव उरला होता. त्यांनी एक धाव केली असती तरी पुन्हा दहा. त्यांची एक तिसऱ्यावर, एक पहिल्यावर, एकच बाद. फटका जमिनीवरून आला. फगवाडावालीनं उचलला, लिपिकाकडे फेकला, होमवर एक बाद. लिपिकानं तिथल्या तिथं पहिल्या बेसवर फेकला, दुसरीही बाद. मॅडम, ती फेक माझ्याकडून झाली नसती. मी हे लिहिते आहे कारण तुम्ही विचाराल.

सातव्यात त्यांनी एक केली, अकरा. पुन्हा दहाचा फरक. पण आता त्यानं काही होत नव्हतं. शेवटचाच डाव होता. पुढं थांबवायला काही उरलंच नव्हतं.

आमच्या दोन बाद झाल्यावर सर बाकाकडे वळले. "वर्धा. बॅट उठा."

रोशनीताईंना एक सांगा. सातव्या डावात बॅटिंगच्या जागेच्या पांढऱ्या रेघा राहिलेल्या नसतात. सगळ्यांच्या पायांनी पुसून गेलेल्या असतात. कुठं उभं राहायचं ते पंचाला विचारावं लागतं. मी विचारलं. त्यानं बुटानं रेघ ओढून दिली.

दोन चेंडू बाहेर मारले. तिसरा जमिनीवरून गेला. मी जीव खाऊन पळाले. एका पावलानं बाद.

शेवटची बाद मीच झाले, मॅडम. सामना माझ्यावर संपला. नानाजींना एवढं सांगू नका.

वेदश्री


सिंदी मेघे
१९ नोव्हेंबर २०२५

चि. वेदश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राचे फोटो मिळाले. सपनानं फोनवर मोठे करून दाखवले, मग मीच तिला सांगितलं, बाजारात जाऊन कागदावर काढून आण. अशी पत्रं बोटानं सरकवत वाचायची नसतात.

दोन चुका दिसल्या. पाचव्या डावात दीदीनं आधीच पाऊल टाकलं होतं, म्हणजे तुझी हाक उशिरा निघाली. बॅटवरून चेंडू उडाला त्याच क्षणी निघायला हवी होती. आणि शेवटच्या फटक्यानंतर तू पळताना चेंडूकडे बघितलंस. लिहिलं नाहीस, पण 'एका पावलानं' हे मला कळतं. आल्यावर बोलू.

लिपिकाच्या फेकीबद्दल लिहिलंस ते मला आवडलं.

शेवटची बाद झालीस म्हणून लपवतेस? वेडी आहेस. शेवटची बाद व्हायला आधी शेवट यावा लागतो. तो यावा म्हणून किती मुली गेल्या आणि पाचव्या डावातच हात मिळवून परत आल्या. त्यातल्या एकीला मी ओळखते. काल सकाळी पत्र घेऊन मी तिच्याकडे, सेलूला गेले.

दुकानात गिऱ्हाईक होतं. रोशनीनं त्याला साड्या दाखवता दाखवता पत्र हातात घेतलं आणि साड्या तशाच राहिल्या. रेघा पुसलेल्या असतात तिथं आली आणि थांबली. पुन्हा वाचलं. गल्ल्यावर तिचे सासरे मधुकरराव बसले होते. ते म्हणाले, "सुनबाई, तुमच्या वेळी पाणी नसतं आलं, तं तुमीबी खेळल्या असत्या सातवा."

रोशनी म्हणाली, "पाणी नव्हतं आलं, बाबा. आमाले थांबवलं होतं. लय हरून राह्यलो होतो."

मधुकरराव म्हणाले, "अवं, मग मी इतके वर्षं या गल्ल्यावर बसून पाण्याचं सांगून राह्यलो त्याचं काय?"

"आता हे सांगा. यांचं."

"हे सांगतो," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकालाच सांगायला लागले. ती बाई साडी न घेता गेली. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

तिथून हिंगणीला. नानाजींच्या दुकानापुढं पोचले तर मोठं खोकं उघडलेलं आणि जो जाईल त्याच्या हातावर पेढा. त्यांना निकाल आकड्यात कळला होता, सातही डाव झाले हेही. पत्र मी वाचून दाखवलं, मोठ्यानं, पायरीवर उभं राहून. तू सांगू नका म्हटलेलं तेही वाचलं. मी विद्यार्थिनींची पत्रं गाळून वाचत नाही.

समोरच्या पानठेल्यावरून भैय्याजी आले. तू त्यांना ओळखतेस, गावात कोणाचं बरं झालं की त्यांचं पोट दुखतं.

"काय नानाजी, पोट्टी जितली वाटते?"

"नाई. हरली."

"कितीनं?"

"अकरा–एक."

"अकरा–एक! अन् पेढे वाटून राह्यले? हरल्याचे पेढे म्या जिंदगीत नाई खाल्ले!"

"मंग आज खा. पुरे सात डाव खेळल्या पोट्ट्या."

भैय्याजींनी पेढा घेतला, पण सोडलं नाही. "बरं, सातही डाव खेळल्या म्हणता. मंग शेवटी आउट कोण झालं?"

मला वाटलं, आता नानाजी अडखळतील. माझ्याकडे बघतील. पण ते खोकं बाजूला ठेवून खुर्चीवरून उठले. धोतराचा सोगा सारखा केला. रस्त्यापलीकडच्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आमची वेदश्री!"

प्रमिला मॅडम